धाकल्या घराचा वाटा

मी नितेश हरिश्चंद्र कुबल, वय सत्तावीस, राहणार तारकर्ली, तालुका मालवण, जिल्हा सिंधुदुर्ग, आधी एक कबूल करतो. हे मृत्युपत्र मी गणपतीच्या आधीच लिहिणार होतो. मग म्हटलं, गणपतीच्या तोंडावर असलं अभद्र कशाला. गणपती गेले आणि पितृपक्ष लागला, तेव्हा वाटलं की आत्ता लिहिलं तर पितरांना आमंत्रणच जाईल. घट बसले त्या दिवशी पेन सापडेना. आज पेनही आहे आणि कागदही आहे. उद्या सकाळच्या गाडीने गोव्याला इस्पितळात जायचं आहे, पुढे ढकलायला दिवस उरला नाही, म्हणून बसलो.

तर लिहून ठेवतो की माझ्यावर कोणाचा दाब नाही, कोणी पढवलेलं नाही, सकाळपासून पोटात फक्त पेज आणि चहा आहे, आणि डोकं जाग्यावर आहे. जाग्यावर नाही ती हृदयातली एक झडप. लहानपणी सांध्यांचा ताप आला होता, तो जाताना झडप कुरतडून गेला असं डॉक्टर म्हणतात. आता ती काढून दुसरी बसवणार. डाव्या कुशीवर झोपलं की मला समुद्र ऐकू येतो. तारकर्लीत समुद्र कोणालाही ऐकू येईल, पण हा आतला आहे, सारखा ओहोटीला लागलेला. डॉक्टर म्हणाले, काम चालू असताना हृदय थोडा वेळ थांबवून ठेवतात आणि रक्त यंत्र फिरवतं. तेव्हापासून माझ्या मनात एकच चाललं आहे, तेवढा वेळ मी कुठे असणार? बहुतेक फिरायला गेलेलो असेन. दहावी हुकल्यापासून तेच केलं आहे. कारवारला बर्फाच्या कारखान्यात, होन्नावरला होडीवर, गोव्यात किनाऱ्यावरच्या खानावळीत, एकदा नुसताच रेल्वेने कन्याकुमारीपर्यंत, तिथे जमीन संपली म्हणून परत.

विषय घराचा होता.

कलम १. घर. तारकर्लीतलं चिऱ्याचं घर, तीन खोल्या, पडवी, विहिरीत अर्धा हक्क आणि सात माड, हे माझ्या एकट्याच्या नावावर आहे. तुळसाआत्याने मला बक्षीसपत्र करून दिलं. ती भाईंची, म्हणजे माझ्या वडिलांची, विधवा बहीण. ती म्हणायची, थोरल्याला घर मिळेलच, हा भटका, याला परत यायला काहीतरी पाहिजे. हे घर मी यतीन गवस, मूळ गाव दोडामार्ग, याला देतो. सगळं, माडांसकट.

कारण लिहायची गरज नाही असं मालवणच्या वकिलांनी सांगितलं, तरी लिहितो. यतीन आणि मी पाच वर्षं या घरात एकत्र राहतो. भाडेकरू नाही, दोस्त नाही, चुलत-मावस कोणी नाही. नवरा-बायको जसे राहतात तसे राहतो, फक्त भांडण जास्त वेळ टिकत नाही. मी असाच गेलो तर कायद्याने घर माझा थोरला भाऊ सहदेव याच्याकडे जातं, कारण आई-भाई दोघंही वारले आणि यतीन कायद्याला माझा कोणीच नाही. दादाला इथे पर्यटकांसाठी न्याहारी निवास काढायचा आहे, त्याने पडवीची मापंसुद्धा घेऊन ठेवली आहेत. म्हणजे माझं बारावं व्हायच्या आत यतीनची पिशवी रस्त्यावर.

एवढ्यासाठी हा कागद. त्याला दोन साक्षीदार लागतात. एक आल्या आहेत, सेलेस्तीन टीचर, पडवीत बसून आमचेच तांदूळ निवडतायत. दुसऱ्याची वाट बघत मी लिहितो आहे.

यतीनला या घराचा मोह नाही, हेही नोंदवतो. मी सकाळी कागद काढला तेव्हा तो शिडी लावत होता. म्हणाला, "आधी नळे सारखे करतंय, मगे लिही. गळक्या घराचो कसलो वाटो?" आत्ता तो वर छपरावर आहे आणि माझ्या अक्षरांवर कौलांची माती पडते आहे. काही ठिकाणी डाग दिसतील, ते खाडाखोड समजू नयेत.

कलम २. भिंत. मधल्या खोलीची समुद्राकडची भिंत हे वेगळं कलम करतो, कारण ती घरात असली तरी नुसती घराची नाही. घर विकलं, भाड्याने दिलं, काहीही केलं तरी ही भिंत रंगवायची नाही. तिच्यावर मी भाताच्या खळीने वर्तमानपत्रातली कात्रणं चिकटवली आहेत. पेपर टीचरकडून यायचे. त्या वाचून झाले की रद्दी म्हणून पाठवायच्या, पण घडी अशी घातलेली असायची की मला हवी ती बातमी बरोबर वर. याबद्दल आम्ही दोघांनी कधी एक अक्षर काढलं नाही.

अगदी वर, वासे टेकतात तिथे, मध्य प्रदेशातल्या त्या दोन महिला शिपाई आहेत. त्यांनी सत्त्याऐंशी साली एकमेकींशी लग्न केलं आणि दोघींची नोकरी गेली. त्यांचा कागद पिवळा पडला आहे. त्याच्या खाली शबनम मौसी, अठ्ठ्याण्णवला तिकडच्याच विधानसभेवर निवडून आलेली पहिली किन्नर आमदार. आत्या होती तेव्हा तिने हे कात्रण बघून विचारलं होतं, ही कोण रे, हिच्या साडीचा काठ बरा आहे. मी सांगितलं. आत्या म्हणाली, मग लोकांनी मतं दिली ना? दिली म्हटलं. मग झालं तर, म्हणाली, आणि चुलीकडे गेली.

मग हॉलंड. दोन हजार एक सालच्या एप्रिलची पहिली तारीख, तिथल्या महापौरांनी मध्यरात्री चार जोडपी लग्नाला उभी केली, त्यांचा फोटो. शिवा, माझा लहानपणापासूनचा दोस्त, म्हणाला होता, तारीख बघ, एप्रिल फूल असणार. आठ वर्षं झाली, अजून कोणी फूल म्हणालं नाही. त्याच्या बाजूला गेल्या वर्षीची मुंबई, ऑगस्ट क्रांती मैदानातून चौपाटीकडे निघालेली माणसं. आणि सगळ्यात खाली, खळ अजून नीट वाळलेली नाही असा, याच महिन्यातला अ‍ॅलन ट्युरिंग. मोठा गणिती, लढाईत शत्रूचे सांकेतिक संदेश उलगडणाऱ्यांतला. पुरुषावर प्रेम केलं म्हणून त्याच्याच सरकारने त्याला शिक्षा केली, आणि दोन वर्षांत तो गेला. उशाशी अर्धं खाल्लेलं सफरचंद होतं म्हणतात. आता पंचावन्न वर्षांनी तिकडच्या पंतप्रधानांनी माफी मागितली. मी हे यतीनला वाचून दाखवलं. तो म्हणाला, अर्धं कोणी खाल्लं असेल? मला वाटतं तो वेगळं काहीतरी विचारत होता.

गेल्या आठवड्यात मी दुपारचा डोळा लागला तेव्हा या भिंतीवरची माणसं किनाऱ्यावर बघितली. सगळी ओळीने रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या, दोरीला लागलेली. शिपाई बायका, फोटोतले नवरदेव, मुंबईचे मोर्चेवाले, कोणी कोणाशी बोलत नव्हतं, पाय वाळूत रोवून नुसती ओढत होती. जाळं इतकं लांब होतं की त्याचा घोळ क्षितिजाला लागला होता. आत काय आहे ते दिसेना, पण पाणी मात्र चंदेरी होत होत जवळ येत होतं. मी दोरीला हात लावायला गेलो तर कोणीतरी हळूच माझा हात बाजूला केला, तू नको, तुझी झडप. जाग आली तेव्हा उशी ओली होती. घामाने. तेवढंच.

भिंतीवर मध्यभागी दोन जुलैच्या निकालाचं कात्रण आहे. ते वाकडंच लागलं आहे. दिल्लीच्या हायकोर्टाने सांगितलं की दोन सज्ञान माणसं आपल्या खुशीने खाजगीत एकमेकांची झाली तर तो गुन्हा नव्हे. मी रेडिओवर ऐकलं आणि पावसातच विहिरीवर धावलो, धावायला मनाई असताना. यतीन पाणी काढत होता. मी म्हटलं, "यत्या, आजपासून आपण गुन्हेगार नाय."

तो म्हणाला, "मगे काल होतंव?" आणि भरलेली कळशी माझ्याकडे न देता स्वतःच उचलून आत गेला.

रात्री मात्र त्याने मला ती बातमी परत एकदा सांगायला लावली. आणि वकिलांकडे गेल्यावर कळलं की कोर्टाने गुन्हा काढला आहे, नातं दिलेलं नाही. ते ज्याचं त्याने कागदावर करून घ्यायचं.

कलम ३. पिवळा सदरा. माझ्या ट्रंकेत एक पिवळा, बिनबाह्यांचा म्हणावा इतका आखूड बाह्यांचा सदरा आहे. गोव्यातल्या खानावळीत एक बंगाली आचारी होता, त्याने तो मला दिला. नव्याण्णव सालच्या दोन जुलैला कोलकात्यात जेमतेम पंधरा जण पिवळे सदरे घालून रस्त्यावरून चालले होते, आपल्यासारख्यांसाठी या देशात पहिल्यांदा. आचारी म्हणायचा, मी त्यातला. आता पंधराच चालले आणि मला आजवर तिघे भेटले जे म्हणाले मी त्यातला. पण सदरा खरा वाटतो, काखेत उसवलेला आहे. हा सदरा घालून मी पहिल्यांदा दोडामार्गची गाडी पकडली होती, रोज गोव्याला नोकरीला जाणाऱ्यांची, आणि यतीन माझ्या खांद्यावर झोपला होता, अनोळखी माणूस, रबराच्या चिकाचा वास येत असलेला. उतरताना म्हणाला, खांदा बरा आहे. सदराही यतीनलाच देतो. मी मेलो तर मला तो घालू नये. मला कोरं धोतर चालेल. हा चालण्यासाठी आहे.

कलम ४. बाकीचं सामान. पोस्टात जे असेल ते ऑपरेशन खाईल, उरलं तर नळ्यांना लावा. रेडिओ मला टीचरना द्यायचा होता, पण वकील म्हणतात की साक्षीदाराला काही दिलं तर ते देणं फुकट जातं, म्हणून टीचरना या कागदाने काहीही मिळत नाही. तरीही त्या आल्या, हे लिहून ठेवण्यासारखं आहे. मी विचारायला गेलो तेव्हा त्या चर्चमधून येत होत्या. मला वाटलं धर्माचं काहीतरी निघेल. त्यांनी छत्री मिटली आणि म्हणाल्या, "देवान विचारल्यान तर सांगतलंय, वाचून सही केलंय, पुता. न वाचता नाय."

सायकल शिवाला. दुसरा साक्षीदार तोच होणार होता. सोमवारी हो म्हणाला, मंगळवारी बघतो म्हणाला, आणि काल निरोप आला की इंजिनाचा भाग आणायला कसालला गेला आहे. कसाल असं किती लांब? दुपारपर्यंत माणूस जाऊन येतो. पण मी त्याला दोष देत नाही. रापणीतला त्याच्या घराचा मासळीचा वाटा आता सहदेवदादाच्या तोंडी आहे. वाडीतल्या आणखी दोघांना विचारलं, एकाचा चष्मा हरवला, दुसऱ्याला एकाएकी लिहिता येत नाही. एव्हाना हे दादाच्याही कानावर गेलं असणार. शिवाने सायकलचं पुढचं चाक बघून घ्यावं, डुगडुगतं.

कलम ५. सहदेवदादा. इथे मला थोडी जागा लागेल.

आमची रापण भाईंची होती, म्हणजे भाई तिचे पुढारी. जाळं किनाऱ्यावर आलं की मासळीचे ढीग करतात, जितके वाटे तितके. मग एकाने ढिगांकडे पाठ करून, समुद्राकडे तोंड करून उभं राहायचं, दुसऱ्याने एकेका ढिगावर बोट ठेवून विचारायचं, आणि पाठमोऱ्याने नाव घ्यायचं. ढीग दिसत नसल्याने लहान-मोठ्याची लबाडी होत नाही. वाडीतला असला तर घराचं नाव घेतात, फलाण्या घराचा. बाहेरचा मजूर असला तर त्याच्या गावाचं. आणि एकदा बोललेला वाटा परत घेत नाहीत. चुकून बोलला गेला तरी नाही.

मला दोरी ओढायला बंदी, म्हणून बोट ठेवायचं काम माझं. पाठमोरे भाई. यतीन आल्यापासून माझ्याऐवजी दोरीला तो असायचा आणि त्याचं नाव यायचं दोडामार्गवाल्याचो. दोनेक वर्षं असंच. मग एका सकाळी, थंडी पडली होती, बांगडा चांगला लागला होता, सगळी नावं होऊन शेवटचा ढीग राहिला. मी बोट ठेवलं.

"हो कोणाचो?"

भाई समुद्राकडे बघत होते.

"आमच्या धाकल्या घराचो."

कोणाच्या तरी टोपलीतून पाणी ठिबकत होतं तेवढाच आवाज. चुकून बोलले की जाणून, ते भाई बरोबर घेऊन गेले, मी कधी विचारलं नाही. वळले, सगळ्यांकडे बघितलं आणि म्हणाले, उचला, ऊन होतंय. यतीनने ढीग उचलला. त्या दिवसापासून भाई असेपर्यंत आमचा वाटा त्याच नावाने निघाला. घरी मात्र भाई आले नाहीत, यतीनशी बोललेही नाहीत. त्यांना जेवढं बोलायचं होतं ते पाठ करूनच बोलता आलं असावं.

गेल्या वर्षी भाई वारले आणि त्यांच्या जागी दादा उभा राहिला. पहिलीच रापण. ढीग नेहमीइतकेच घातलेले. शेवटच्यावर मी बोट ठेवलं आणि विचारलं, "हो कोणाचो?"

दादा बोलला नाही.

"हो कोणाचो, दादा?"

"झाले सगळे," दादा म्हणाला.

तो ढीग तिथेच राहिला. ज्याचं नाव नाही त्याला कोणी हात लावत नाही. बांगडे होते, थोडी तारली, एक पोरसवदा सुरमई. पाणपक्षी उतरले, मग कुत्री. यतीनने हातांची वाळू झटकली आणि घरी येऊन अंड्याचं सांबारं केलं. दुसऱ्या दिवशी तो परत निघाला तेव्हा मी विचारलं कशाला जातोस. म्हणाला, "दोरी काय सहदेवाची आसा?" तेव्हापासून दादा त्याला वाटा देतो, पण परत दोडामार्गवाल्याचो. मासळी तेवढीच मिळते. पोटाला फरक पडत नाही.

तर माझा भाऊ सहदेव याला मी तो ढीग देतो. बांगड्यांसकट, कुत्र्यांसकट. त्याने त्याचं काय करायचं ते करावं. न्याहारी निवासात वाढावा.

हेही लिहितो, कारण खोटं मृत्युपत्र चालत नाही. मला तो सांध्यांचा ताप आला तेव्हा दादानेच मला पाठुंगळीला मारून मालवणला डॉक्टरांकडे नेलं होतं. गाडी नव्हती. मध्ये कुठेतरी मी म्हटलं होतं की उतरव, तू दमलास. तो म्हणाला, गप, दमल्यावर सांगेन. त्याने सांगितलं नाही. आमच्यात एवढं एकच आहे ज्याचं काय करावं ते मला कळत नाही, म्हणून ते कोणाला देत नाही.

कलम ६. अग्नी. मी इस्पितळातून आडवा परत आलो तर यतीन गवस याने मला अग्नी द्यावा. भटजींनी हरकत घेतली तर टीचरना बोलवा, ते शाळेत त्यांच्या हाताखाली होते. रडायला मनाई नाही, पण यतीनला कोणी एकटं बसवू नये, तो माणसांत असला की कमी रडतो. आणि मी उभा परत आलो तर हा कागद ट्रंकेत ठेवू, मी परत कुठेतरी निघालो की उपयोगी पडेल. डॉक्टर म्हणतात नवी झडप टिक टिक वाजते. म्हणजे समुद्र बंद होणार. त्याची थोडी चुटपुट लागली आहे.

हे सगळं मी वाचून, समजून, माझ्या हाताने लिहिलं आहे. याआधी मी असलं काही लिहिलेलं नाही, आणि लिहिलं असेन तर ते धरू नये.

ठिकाण: तारकर्ली, तालुका मालवण
तारीख: २४ सप्टेंबर २००९, गुरुवार

लिहून ठेवणार: नितेश हरिश्चंद्र कुबल

साक्षीदार पहिले: सेलेस्तीन डिसोझा, निवृत्त शिक्षिका, मालवण

साक्षीदार दुसरे:

जागा सोडून ठेवली आहे. सही मी अजून केलेली नाही, ती दोघांच्या समोर करायची असते. यतीन छपरावरून उतरला, हातपाय धुऊन आला, चहा झाला, बाहेर पाऊस सुरू झाला. शिवा कसालहून आला नाही. टीचरची शेवटची गाडी तासाभरात आहे आणि त्या घड्याळाकडे न बघण्याची फार काळजी घेतायत. यतीन म्हणाला, राहू दे, उद्या गाडीत कोणीतरी भेटेल, तुला कोणीही भेटतं. मी हसलो, पण आम्हा दोघांनाही माहीत आहे की गाडीत भेटणाऱ्या माणसाची सही वाडीत टिकायची नाही.

आत्ता टीचर तांदळाचं सूप बाजूला ठेवून उठल्या आणि पायरीवर कोणाशी तरी बोलून आत आल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "सहदेव इलो आसा. भिजलो आसा. खंय सही करूची म्हणान इचारता, पण आधी वाचूक होया म्हणता. माझो चष्मो मागता."

पाचवं कलम त्याच्याबद्दलच आहे आणि खोडायला आता वेळ नाही. चष्मा द्या त्याला. वाचू दे.